मातीला कोण गेलं

मंगळवार, १४ जानेवारी २०२५

रविवारी ज्याला श्रद्धांजली वाहिली त्या माणसाचा आज फोन आला.

ड्रमच्या क्लासवर होतो. नव्या पोरांना साधा ठेका देत होतो. अनोळखी नंबर. म्हटलं कुणाच्या तरी संक्रांतीच्या शुभेच्छा असतील. उचलला.

"महिंद्रा, तिळगूळ घे, ग्वाड बोल. म्हंजी तू आधीच लय ग्वाड बोललायस म्हणा."

आवाज ओळखीचा. पण डोकं मानायला तयार होईना. म्हटलं, कोण बोलतंय?

"इलियास. लोणंदचा. मेलेला न्हवं, जिता."

आईशप्पथ! हातातली स्टिक खाली पडली. पोरं हसली. मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. "भाई, तुम्ही..." एवढंच तोंडातून निघालं. ते म्हणाले, "व्हिडिओ बघितला. पोरीनं, समीनानं दावला. शेवटाला तू रडलास तवा मलाबी रडू आलं गड्या. म्हटलं कोण एवढं चांगलं माणूस गेलं!" आणि खो खो हसले. मग खोकले. मग म्हणाले, "रविवारी घरी ये." ठेवला.

क्रांतीला अजून सांगितलं नाही. गुळाची पोळी ताटात तशीच राहिली. ती म्हणाली, पित्त झालंय का? हो म्हटलं.

बुधवार, १५ जानेवारी

इथं तरी खरं लिहितो. दुसरीकडं बोलायची सोय नाही.

दर जानेवारीत आम्ही सांगली-साताऱ्याचे ड्रमर सांगलीत जमतो. जे गेले त्यांची आठवण म्हणून. स्टेजवर मधोमध एक ड्रमसेट, त्याचं स्टूल रिकामं. एकेकाचं नाव पुकारायचं. मग आमच्यातला एक जण स्टुलावर बसतो आणि गेलेला माणूस जसा वाजवायचा तसं थोडा वेळ वाजवतो. शंभूराजसाठी दणदण दोन पायांनी डबल किक. आण्णांसाठी भीमगीतांची चाल, हलगीचा हात ड्रमवर. वाजवून झालं की स्टिका स्टुलावर ठेवून उठायचं, टाळ्या नाहीत. मधल्या वेळात माइकवर मी. सगळे म्हणतात, महेंद्र बोलतो चांगलं.

यंदा फ्लेक्सवर सगळ्यात मोठा फोटो इलियासभाईंचा होता.

डिसेंबरात ग्रुपवर मेसेज पडला. लोणंदचे इलियासभाई गेले, भावपूर्ण श्रद्धांजली. झालं. शे-दीडशे जणांनी फुलं टाकली, हात जोडले. मीपण. मी तर फोटो शोधून त्याला काळी पट्टी लावून टाकला. आज आमच्या कीबोर्डवाल्या मतीनला विचारलं तर कळलं, गेले ते लोणंदचेच इलियास, पण मंडपवाले. मतीन म्हणतो, "दादा, तुमी फोटो टाकला म्हटल्यावर मला वाटलं तुमी खात्री केली असंल." आणि मला वाटलं, एवढे लोक फुलं टाकतायत म्हणजे त्यांनी केली असेल!

एवढंच असतं तर चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण मी माइकवर काय बोललो? "जायच्या आठ दिवस आधी भाईंचा मला फोन आला होता. म्हणाले, महेंद्रा, मी चाललो, ठेका सांभाळ." हॉल चिडीचूप. मागं कुणी तरी हुंदका दिला. मग मलाही भरून आलं.

फोन कसला आणि काय कसला! कित्येक वर्षांत बोलणं नाही. माझ्याकडं त्यांचा नंबरच नव्हता, म्हणून तर काल अनोळखी दिसला. का बोललो? ठरवून नाही बोललो, हे खरं. माइक हातात आला की मला आपोआप सुचत जातं. गाणं संपताना हात आपसूक रोल मारतो तसं. लाज वाटते. 

गुरुवार, १६ जानेवारी

फ्लेक्स अजून चौकात होता. काढायला गेलो. मंडळाची पोरं म्हणाली, राहू द्या की दादा, चांगला दिसतोय. काढला. घडी घालून ओम्नीत मागं टाकला. घडीत भाईंचं तोंड दुमडलं गेलं, ते परत उलगडून नीट केलं.

क्रांतीनं गाडीत बघितला. सांगावंच लागलं. वाटलं हसेल किंवा ओरडेल. ती कणीक मळत होती. थांबली नाही. एवढंच म्हणाली, "मातीला कोण गेलं होतं?"

"कोण म्हणजे?"

"तुमच्यातलं. ड्रमरातलं. एवढी मोठी श्रद्धांजली केलीत न्हवं? मग मातीला कोण तरी गेलं असंल. एक माणूस गेला असता तरी त्याला दिसलं असतं, आपला माणूस दारात बसलाय म्हणून."

कणकेला तेलाचा हात लावत ती म्हणाली, "बरं, चपाती किती करू?"

शुक्रवार, १७ जानेवारी

व्हिडिओ डिलीट करायला बसलो. बारा हजार लोकांनी बघितलाय. नाही केला. रविवारनंतर बघू.

रविवार, १९ जानेवारी

लोणंदला जाऊन आलो.

वाटेत साताऱ्याला पेढे घेतले. मग गाडीत बसल्यावर लक्षात आलं, कशाचे पेढे? जिवंत आहात म्हणून? तरी नेले.

घर स्टेशनच्या अंगाला. समीनानं दार उघडलं. भाईंची धाकटी, शिवणकाम करते, नवरा कंपनीत. ती एका शब्दानं मला टोचून बोलली नाही. पण पाण्याचा तांब्या पुढं केला आणि सरळ डोळ्यात बघून म्हणाली, "दादा, वडील मेल्याचं मला मोबाईलवर कळलं. आणि वडील आतल्या खोलीत दाढी करत होते." मी मान खाली घातली. 

भाई वाळलेत. हाताची बोटं मात्र तशीच, लांब. खुर्चीत बसून मांडीवर ठेका चालूच. मी पाया पडलो. म्हणाले, "उठ रं. मेलेल्याच्या पाया पडत्यात, जित्याच्या कशाला?"

मग गप्पा. महाबळेश्वरच्या गप्पा मी पहिल्यांदा नीट ऐकल्या. सीझनला हॉटेलात बँड असायचा, संध्याकाळी इंग्रजी गाणी. मुंबईची पारशी कुटुंबं नाचायची. भाई रॉक वाजवायचे, ते साताऱ्यात कुणाला माहीत नव्हतं. मे संपला की ड्रम टॅक्सीच्या टपावर बांधून वाईला उतरवायचे. नाहीतर तिथल्या पावसात लाकूड फुगायचं. मग मुंबईला रेकॉर्डिंग. कॅसेटवर गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि भाईंचं कुठंच नाही. "बास ड्रमचा आवाज लय घुमायचा. मग आईची वाकळ आत कोंबली. त्या वाकळंचा आवाज अक्ख्या महाराष्ट्रानं ऐकला बघ. वरातीत नाचलं लोक त्याच्यावर. पण वाकळ कुणाची ते कुणाला ठावं न्हाई."

समीना चहा ठेवून गेली. मग म्हणाले, "हां. आता ते भाषण म्हण."

"कुठलं?"

"माझं. माझ्यावरचं. मोबाईलवर नीट ऐकू येत न्हाई."

हात जोडले. नको म्हटलं. "म्हण की! बारा हजार लोकांसमोर म्हटलंस, माझ्या एकट्याचं काय ओझं झालं?" मग म्हटलं. खाली बघून, पुटपुटत. फोन आला होता या वाक्यापाशी आलो आणि अडलो. घाम फुटला. खरंच फुटला, जानेवारीत! भाई म्हणतात, "पुढं?" त्यांनीच वाक्य पुरं केलं. "ठेका सांभाळ. असं म्हणालो व्हय मी?"

"चुकलं भाई."

"मी असलं कधीच म्हणालो नसतो. मी म्हणालो असतो, तू पळतोस. पंचवीस वर्सांचा असल्यापास्नं पळतोस. गाणं संपायच्या आधी तुझं संपलेलं असतंय."

हसले. मीपण हसलो. हसताना रडू फुटलं. म्हणाले, गप, समीनाला वाटंल मेलो.

मग हळू आवाजात सांगितलं. मेसेज फिरले त्या दिवशी समीना ग्रुपवर लिहायला निघाली होती, अब्बा ठणठणीत आहेत म्हणून. त्यांनीच अडवलं. "म्हटलं थांब. बघू कोण कोण येतंय. दारात खुर्ची टाकून बसलो. दुपारपतूर बसलो. दुसऱ्या दिवशीबी बसलो. मोबाईलवर फुलं पडत्यात आणि दारात कुत्रं न्हाई."

"कुणीच नाही?"

"रंगुबाई आली."

रंगुबाई म्हणजे साताऱ्यात एसटी स्टँडमागं जिची खाणावळ होती ती. ऑर्केस्ट्रावाले सगळे तिच्याकडं जेवायचे. आता म्हसवडला भाचीकडं असते. कुणाच्या तरी मोबाईलवर ऐकलं आणि दोन एसट्या बदलून आली. फडक्यात पिठलं-भाकरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून कडू घास घेऊन आली होती घरच्यांना! दारात भाईंना बघून आधी किंचाळली, मग शिव्या घातल्या. "म्हणाली, मुडद्या, एवढ्या लांब आले, आता मर तरी!" मग दोघांनी बसून तो कडू घास खाल्ला. भाईंनी दोन भाकरी खाल्ल्या म्हणे.

निघताना माझा हात धरून ठेवला. "तू फोन झाला म्हणालास न्हवं? मग होऊ दे. रविवारच्या रविवार कर. तेवढंच खोटं कमी हुईल." मी कबूल केलं. "आणि मी खरंच गेलो की भाषण नको. मातीला ये. तीन मुठी टाक. बास."

शपथ घेतली. मनापासून घेतली.

सोमवार, २० जानेवारी

रात्रभर एकच. फ्लेक्सवरच्या कुणाच्या मातीला मी गेलो होतो? शंभूराज कावीळ होऊन गेला, त्या दिवशी लग्नात वाजवायची सुपारी होती. आण्णा गेले तेव्हा लॉकडाऊन नव्हता, मीच उगाच तसं सांगत आलोय. बाकीचे तर नावानंच माहीत.

एकाच्याही नाही.

रविवार, २६ जानेवारी

फोन केला. भाई म्हणाले, तू खरंच केलास! मग अर्धा तास हाय-हॅटवर, पायानं मिटायच्या झांजांवर बोलले. पाय ढिला ठेव म्हणतात. करून बघितलं. बरोबर आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

केला. समीना म्हणाली, सकाळपासून फोन हातात घेऊन बसलेत.

शनिवार, ८ फेब्रुवारी

आण्णांच्या घरी गेलो. कवठेमहांकाळच्या पुढं. ज्यांनी मला पहिल्यांदा स्टिक धरायला शिकवलं त्यांच्या घरी, ते गेल्यावर चार वर्षांनी. त्यांच्या पत्नी पारूबाई अंगणात तूर झोडत होत्या. ओळखलं. "आता आलास व्हय? बस." बस्स. तेवढ्यानंच मेलो.

आवं मामी, चुकलं, म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुजं लेकरू आजारी असंल, काय तरी असंल." माझ्यासाठी कारणसुद्धा त्यांनीच शोधलं! मग सांगत बसल्या. शेवटी आण्णांना अर्धांग झालं होतं. उजवा हात गेला. मी हे ऐकलं होतं. पण डाव्या हातानं ताटलीवर दोन्ही हातांचं वाजवायचे, हे कुठं ऐकलं होतं! वाजवताना जेवायचं विसरायचे. पारूबाई म्हणाल्या, "पोरगं ईल, पोरगं ईल म्हणत व्हते. कुठलं पोरगं त्ये मी इचारलं न्हाई."

मी विचारलं नाही. मला माहीत आहे कुठलं.

येताना तुरीची पिशवी दिली. घ्यायला हात उचलेना.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाईंना पारूबाईंचं सांगितलं. म्हणाले, चांगलं केलंस. मग मी म्हटलं, भाई, मला खरं सांगून टाकायचंय, सगळ्यांना, व्हिडिओ करून. ते म्हणाले, "सांग. पण मला शेजारी बसवू नकोस. तुझं तू सांग."

बुधवार, १२ फेब्रुवारी

केला. अक्षतानं मोबाईल धरला. पोरीसमोर बोलताना जीभ अडखळत होती. मी खोटं बोललो. माणूस जिवंत आहे. त्यांचा मला फोन आला नव्हता. आम्ही कुणीच मातीला गेलो नव्हतो, म्हणून आम्हाला कळलं नाही. एवढंच. ना म्युझिक, ना काही. शेवटी म्हटलं, मोबाईलवर फुलं टाकू नका, मातीला जा.

अक्षता म्हणाली, "पप्पा, अपलोड करू? नक्की?" कर म्हटलं. बरं वाटलं. महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवलो. क्रांतीनं न विचारता वाढलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दोन लाख! कुठनं कुठनं फोन. नांदेडवरनं एक जण रडत होता, बापाच्या मातीला गेला नव्हता म्हणे. ग्रुपवर सगळे माफी मागतायत. मतीन म्हणतो, दादा, तुम्ही मोठे झालात.

भाईंच्या घरी लोक जायला लागलेत. परत आलेला माणूस म्हणून सेल्फी काढतात. समीना वैतागली. भाई मात्र नवा सदरा घालून बसतात.

रविवार, २ मार्च

दुपारी कॉलेजात बोलावलं होतं. बोललो. पोरं उभी राहिली टाळ्यांना. भाईंना फोन केला तोवर इफ्तारची वेळ झाली. घाईत बोललो. म्हणाले, "पळतोस."

रविवार, ९ मार्च

तासगावला कार्यक्रम. शाल, नारळ. शीर्षकच "मातीला चला". भाईंना उद्या करतो.

शुक्रवार, २१ मार्च

क्रांती आज कार्यक्रमाला आली होती, पहिल्यांदाच. येताना गाडीत मी विचारलं, कसं झालं?

"चांगलं झालं."

"पण?"

"मागच्या आठवड्याचा व्हिडिओ बघितला मी. त्यात बी पारूमामींच्या तुरीच्या पिशवीवर रडलात. आज बी पिशवीवरच रडलात. त्याच शब्दाला."

गाडी चालवत राहिलो. खरं आहे. मला कळत होतं बोलताना. आता पिशवी येणार, आता थांबायचं, मग आवाज खाली, मग रुमाल. ड्रमरला वेगळं शिकवावं लागत नाही कुठं थांबायचं ते. पण पहिल्यांदा खरंच रडलो होतो! पारूबाईंच्या अंगणात नाही, वाटेत शिरढोणच्या अलीकडं गाडी बाजूला घेऊन. तेव्हा कुणी बघत नव्हतं.

आणि आण्णा ज्या पोराची वाट बघत होते ते पोरगं मी, हे पण सांगतो मी स्टेजवर. हॉलमध्ये कुणाला तरी हमखास हुंदका फुटतो. मी वाट बघतो त्या हुंदक्याची. काय माणूस आहे मी?

पुढच्या दोन तारखा घेतल्यात. नाही म्हणायला पाहिजे.

सोमवार, ३१ मार्च

ईद. समीनाचा फोन. "दादा, शिरखुर्मा ठेवलाय. अब्बांनी दोनदा विचारलं." येतो म्हटलं. तीन वाजता इस्लामपूरला सत्काराचं होतं. भाईंशी बोलायला द्या म्हटलं. ते म्हणाले, "असू दे रं. तुझं बघ." रागावले असते तर बरं झालं असतं.

रविवार, ६ एप्रिल

राहिलं.

मंगळवार, १५ एप्रिल

भीमजयंती झाली. काल दिवसभर वाजवलं. बऱ्याच दिवसांनी नुसतं वाजवलं, बोललो नाही. आण्णांच्या हाताचा ठेका आपोआप आला. पाय ढिला ठेवला, भाई म्हणाले तसा. पळालो नाही! मिरवणुकीत एक म्हातारा थांबून हातच बघत राहिला. मग निघून गेला. इतकं बरं वाटलं. कुणाला सांगितलं नाही, इथंच लिहितोय.

भाईंना सांगावं म्हणून फोन केला. झोपलेत, समीना म्हणाली. तब्येत बरी नाही. तिनं विचारलं, दादा कधी येताय? या आठवड्यात नक्की, म्हटलं.

बुधवार, २३ एप्रिल

समीनाचा फोन. भाईंना श्वास लागतोय. डॉक्टर घरी येऊन गेले, दवाखान्यात चला म्हणाले, भाई नको म्हणतायत. रंगुबाई येऊन राहिलीय. "परत आली बघा फडकं घेऊन," समीना म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

उद्याच निघतो म्हटलं. संध्याकाळी सांगलीच्या कार्यक्रमाचे लोक आले. रविवारी, सकाळी अकरा. मोठा हॉल. फ्लेक्सचा नमुना दाखवायला आणला होता. माझा फोटो केवढा! लहान करा म्हटलं. ते म्हणाले, दादा, लोक तुमच्यासाठीच येणार. मी परत म्हटलं नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

काल गेलो नाही. आजपण नाही. साउंड चेक होता. क्रांती काही बोलत नाही, ते सगळ्यात वाईट. मीच म्हटलं, सोमवारी सकाळी निघतो, चार दिवस राहतोच तिथं. तिनं फक्त मान हलवली.

मला भीती वाटतेय का जायची? वाटतेय. ते विचारतील, भाषण कसं चाललंय माझ्यावरचं? विचारणार नाहीत, तरी मला ऐकू येईल.

रविवार, २७ एप्रिल

इलियासभाई गेले. पहाटे.

चहा घेताना समीनाचा फोन आला. "दादा, मुंबईची माणसं यायचीत, माती असरच्या नमाजनंतर, पाचच्या पुढं हाय. अब्बांनी तुमचं नाव सांगून ठेवलंय." तेव्हाच निघालो असतो तर जेवणवेळेला पोचलो असतो. क्रांतीनं गाडीची चावी आणून टेबलावर ठेवली. मी म्हटलं, बोलून तसाच निघतो.

स्टेजवर सांगितलं, आज पहाटेच गेले. सगळा हॉल उठून उभा राहिला. मग तुम्ही इथं कसे, असं एकानंही विचारलं नाही. मग सत्कार, मग फोटो. कराडच्या पुढं गेलो तोवर असर होऊन गेली होती. गाडी वळवली. समीनाचे फोन येत होते, उचलले नाहीत.

ग्रुपवर फुलं पडायला लागलीत. कुणी तरी विचारलंय, महेंद्रदादा, तुम्ही तर असालच ना मातीला?

होतो, असं लिहिलं.